न पडलेल्या विमानाचा पंचनामा

पुंडलिक अवचार यांच्यासमोर कुणी "पाडलं" हा शब्द उच्चारू नये. मी एकदा उच्चारला. मागच्या आवारातल्या झाडाची कैरी दगड मारून पाडली, एवढंच त्यांच्या बायकोला, कुसुमवहिनींना, सांगत होते. भिंतीपलीकडून अवचारभाऊंचा चष्मा वर आला.

"पडताना सोता पाह्यली का, मॅडम? का नुसती फांदी हालली अन् तुमी समजल्या?"

"पाहिली की."

"मंग हाय कुठी?"

कैरी चटणीत गेली होती, तसं मी सांगितलं.

"म्हंजे धूड नाही," असं म्हणून चष्मा पुन्हा भिंतीखाली गेला. ती कैरी त्यांनी आजतागायत मान्य केलेली नाही.

जळगाव जामोदला मी शाळेत इंग्रजी शिकवते. ज्या घरात भाड्याने राहते त्या घराची आणि अवचारभाऊंच्या घराची भिंत एकच आहे. लोकांचे शेजारी विरजण मागतात, शिडी मागतात. माझे शेजारी सकाळी साडेसहाला विचारतात, "मॅडम, तो ढगात घुसलेला मिग सापडला का?" हा मिग, म्हणजे एक लढाऊ जेट, सत्तर वर्षांपूर्वी कोरियाच्या युद्धात ढगात घुसला होता. त्याच्यावर गोळ्या झाडणाऱ्याने परत येऊन 'पाडलं' असं लिहून दिलं. मिग पडला की घरी गेला, हा प्रश्न जगात ज्या पाच-पंचवीस माणसांची झोप उडवतो, त्यातले एक माझ्या भिंतीला लागून राहतात.

अवचारभाऊ वनखात्यात जामोद राउंडचे, म्हणजे तेवढ्या जंगलपट्ट्याचे, वनपाल होते. सातपुड्याच्या पायथ्याशी, वाड्या-वस्त्यांमधून पायी आणि मोटारसायकलवर त्यांची सगळी नोकरी गेली. बिबट्याने कुणाची बकरी किंवा वासरू मारलं की मालक भरपाईचा दावा करायचा आणि अवचारभाऊ जाऊन धूड, म्हणजे मेलेलं जनावर, पाहून पंचनामा करायचे. बिबट्या गळ्याला धरतो, कुत्री मागून फाडतात, हे त्यांना इतकं पाठ होतं की कुणी दावा घेऊन आला की रामराम घ्यायच्या आधी ते म्हणायचे, "गळा दाखव." एकदा दोन चुलतभावांनी एकाच गायीवर दोन दावे केले. गाय एक, शेपूट एक, मालक दोन. भाऊंनी दोघांना गायीच्या दोन बाजूंना उभं केलं आणि तिच्या कानामागचा डाग कसला ते वेगवेगळं विचारलं. एकाला डाग असल्याचंच माहीत नव्हतं.

एका वर्षी पाच गावांतून पाच बिबट्यांच्या बातम्या आल्या. वरचे साहेब घाबरले. भाऊ आठवडाभर पाऊलखुणा मोजत फिरले आणि त्यांनी अहवाल दिला. त्या अहवालातलं एक वाक्य ते मला नेहमी ऐकवतात: "एकच हाय साहेब. पाय चार, गावं पाच."

असा माणूस निवृत्त झाल्यावर विमानांकडे कसा वळला, हे विचारलं की कुसुमवहिनी म्हणतात, "त्या टीव्हीनं घात केला." झालं ते असं. भाऊ खामगावला भाच्याकडे गेले होते. टीव्हीवर जुन्या महायुद्धातल्या पहिल्यावहिल्या जेट विमानांची माहिती चालू होती. एका वैमानिकाने इतकी विमानं पाडली, दुसऱ्याने तितकी, असं निवेदक भरभरून सांगत होता. भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला.

"याचा पंचनामा कोनं केला?"

"मामा, लढाईत कोन पंचनामा करते?" भाचा म्हणाला.

भाच्याच्या दृष्टीने विषय संपला. भाऊंच्या दृष्टीने चालू झाला. इतकी मोठी लढाई, इतके दावे, आणि पाहणीला कुणी गेलंच नाही म्हणजे काय? परत येताना त्यांनी बसस्टँडसमोरून एक जाड रजिस्टर घेतलं. पानांवर त्यांनी वनखात्याच्याच तऱ्हेचे रकाने पाडले: दिनांक, ठिकाण, दावेदार, प्रत्यक्ष पाहणारा, धूड मिळाले किंवा कसे, शेरा.

पहिल्या जेट विमानांचाच नाद का, जुनी पंख्याची विमानं का नाहीत, असं मी एकदा विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनाही इतकं सोपं सांगता आलं नसतं.

"पंख्याचं इमान म्हंजे बैलगाडी. दोघं एकमेकाच्या मागं गोल गोल फिरत. मारलेलं पडताना दिसे. जेट आलं अन् साक्षीदार गेला. तीन श्वासात समोरचा आला, गोया मारल्या, अन् हा दोन गावं पुढं. मंग मागं काय झालं ते याले काय मालूम? धूर दिसला, 'पडलं' म्हने. आता धुराचं काय, मॅडम? आमच्या साहेबाची जीप रोज धूर सोडे. पंधरा वर्सं चालली ते."

"पण विमानात कॅमेरा असायचा ना?" मी मोठ्या हुशारीने विचारलं. हे मी त्यांनाच आलेल्या एका परदेशी पत्रात वाचलेलं होतं.

"घोडा दाबला तवरच फिलम. बिबट्यानं बकरीचा गळा धरला, तेवढा फोटू. बकरी मेली का सुटून घरी गेली, ते फोटूत नाही."

मग खरं शोधायचं कसं? त्याचा त्यांच्याकडे एकच नियम आहे. "बकरी गेली का नाही ते बिबट्याले इचारू नोका. मालकाले इचारा." म्हणजे ज्याने पाडलं तो काय म्हणतो ते बाजूला ठेवा आणि ज्याचं पडलं म्हणतात त्याच्या तळावर त्या संध्याकाळी किती विमानं परत आली ते पाहा. हाच नियम ते मलाही लावतात. आज वर्गात मी फार छान शिकवलं, असं म्हटलं की ते विचारतात, "पोराइले इचारलं का?"

अडचण होती ती इंग्रजीची. जगभरातले हौशी लोक इंटरनेटवर या विषयाचा काथ्याकूट करत असतात, आणि भाऊंचं इंग्रजी 'टायगर', 'रेंज' आणि 'सर, आय बेग टु स्टेट' इथपर्यंत येऊन थांबलेलं. सुरुवातीला ते मोबाइलवर भाषांतर करून वाचायचे. मोबाइल 'सेबर' या विमानाचं भाषांतर 'तलवार' असं करायचा. "दोन तलवारी मिगच्या मागे लागल्या," हे त्यांनी समजून घेतलं. 'पक्का खून' म्हणजे खात्रीने पाडलेलं विमान, हेही कळलं. पण एका सकाळी ते रजिस्टर घेऊन थेट दारातच उभे राहिले.

"मॅडम, हे काही जमून नाही राह्यलं. इमानाले आग लागली, अन् पायलटाले तवाच जामीन भेटला म्हनते. हवेत जामीन कोनं देल्ला त्याले?"

इंग्रजीत जामिनावर सुटण्याला आणि हवाई छत्री घेऊन विमानातून उडी मारण्याला जवळपास एकच शब्द आहे, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी रजिस्टरची दोन-चार पानं मागे उलटली. मग म्हणाले, "म्हंजे एवढे दिवस म्या ज्याइले जामिनावर सोडलं, ते समदे उड्या मारून गेले." आणि मागची सगळी पानं दुरुस्त करायला घरी गेले. त्या दिवसापासून मी त्यांची अधिकृत दुभाषी झाले. पगार नाही, पण आंब्याचं लोणचं येतं.

पत्रव्यवहारात त्यांचा सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे थंडीवाला. हा कुठल्याशा गार देशातला निवृत्त मेकॅनिक. त्याचं प्रत्येक पत्र तिकडच्या बर्फापासून सुरू होतं, म्हणून आमच्या दोन्ही घरांत त्याला हेच नाव पडलं. तो आणि भाऊ एका विमानावरून तीन आठवडे भांडले. दोन वैमानिकांनी दोन विमानं पाडल्याचं सांगितलं होतं, आणि भाऊंचं म्हणणं, वेळ एक, जागा एक, तेव्हा विमानही एकच. "दोन भाऊ, एक गाय," असं लिहा म्हणाले. मी लिहिलं. थंडीवाल्याला गाय कुठून आली ते कळेना. पण शेवटी त्याने समोरच्या बाजूच्या नोंदी काढल्या आणि विमान एकच निघालं. तेव्हापासून त्याने भाऊंना गुरूच मानलं. 'आपण हवाईदलाच्या कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होता?' असं त्याने आदराने विचारलं. मी भाऊंना विचारलं.

"लिवा, जामोद राउंड."

पुढच्या पत्रात त्याने कळवलं की त्याच्याजवळच्या एकाही यादीत ही स्क्वाड्रन सापडत नाही, बहुधा ती फार गुप्त असावी.

कुसुमवहिनींना या सगळ्याचं कौतुक नाही आणि रागही नाही. "यायले कोरियातलं इमान सापडते, देव्हाऱ्यावर ठेवलेला चष्मा नाही सापडत," एवढंच त्या म्हणतात आणि चष्मा काढून देतात. मात्र एक गोष्ट त्यांनी मला एकदा भाजी निवडताना सांगितली. लग्नकार्यात भाऊ गेले की त्यांच्या आजूबाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहतात. कुणी बोलायला लागलं की भाऊ पुरावा मागतात. मग माणसं हळूच दुसऱ्या रांगेत जाऊन बसतात.

गेल्या दिवाळीनंतर एक दिवस भाऊंच्या दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. ऐंशी ओलांडलेले, पण पाठ ताठ. पांढरा शर्ट पँटमध्ये खोचलेला, मिशी कातरलेली. पिंपळगाव राजाहून नांदुऱ्याला गाडी बदलून आले होते.

"इमानाचा पंचनामा करनारे साहेब तुमीच का?"

विमानाचा पंचनामा करा म्हणून आपण होऊन कुणी अवचारांकडे पहिल्यांदाच आलं होतं. भाऊंनी मला हाक मारली.

त्यांचं नाव ढगे. तरुणपणी हवाईदलात फिटर होते. पासष्टच्या लढाईत एका जेट विमानाची देखभाल त्यांच्याकडे होती, आणि ते विमान उडवणारे साहेब नागपूरचे. तिथे दोघंच मराठी, त्यामुळे साहेब अधूनमधून त्यांच्याशी दोन घरगुती शब्द बोलायचे. एका दुपारी साहेब उडून आले, शिडीवरून उतरले आणि त्यांनी ढग्यांना एक बोट दाखवलं. एक पडलं. ढग्यांनी आनंदाच्या भरात आपल्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणावर खिळ्याने एक छोटं विमान कोरलं. तीन दिवसांनी साहेब उडाले ते परत आलेच नाहीत. त्यांचा तो दावा पुढे कुठल्याच यादीत आला नाही. सांगणारा गेला, पाहणारा दुसरा कुणी नव्हता.

"साहेबाले मुलगी झाली ते साहेब गेल्यावर," ढगे म्हणाले. "ते नागपूरले राह्यते. दर दिवाळीले फोन करते मले. लहानपनी तिनं इचारलं, काका, बाबा कसे होते? म्या सांगतलं, तुह्या बापानं एक इमान पाडलं. दरसाल तेच सांगतो. आता तीच साठ वर्साची झाली. तिले बापाची माहिती लिवून ठेवायची हाय, नातवाइसाठी. या दिवाळीले म्हने, काका, हे कुठे लिहिलेलं असेल का? म्या काय सांगू?"

भाऊंनी रजिस्टर उघडलं. "तारीख?"

ढग्यांना तारीख, वेळ, वारा कुठून होता, टाकीत तेल किती उरलं होतं, सगळं पाठ होतं. भाऊंनी दोन पानं भरून लिहून घेतलं. मग टोपण लावत म्हणाले, "पाहतो. पन जे निघन तेच लिवीन."

"तेच पायजे," ढगे म्हणाले.

चार महिने भाऊ दुसरं काही बोलत नव्हते. थंडीवाल्याने ओळखीतून समोरच्या देशातल्या एका हौशी माणसाला गाठलं. त्याने जुन्या वैमानिकांच्या घरच्या वह्या, फोटो जमवलेले होते. होळीच्या सुमारास उत्तर आलं, सोबत दोन फोटो. मी ते भाऊंना वाचून दाखवलं. त्या तारखेला, त्याच वेळी, त्याच नदीच्या वळणावर एक सेबर विमान मारलं गेलं होतं. पंखाला भोकं, शेपटीला भोकं, धूर सोडत ते खाली धुक्यात गेलं, आणि तसंच खुरडत खुरडत आपल्या तळावर जाऊन उतरलं. वैमानिकाच्या खांद्याला लागलं होतं. महिनाभराने तेच विमान, तोच शेपटीचा नंबर, पुन्हा उडालं. एका फोटोत भोकं पडलेली शेपटी आणि तिच्यावरचा नंबर होता, दुसऱ्यात तो वैमानिक विमानापुढे उभा होता, हात गळ्यात बांधलेला.

म्हणजे पडलं नव्हतं.

मला वाटलं, भाऊ आता लगेच शेरा मारतील. त्यांनी कागद घेतले, घडी घातली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर चष्मा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस झाल्यावर वहिनीच माझ्याकडे आल्या. "जेवून नाही राह्यले बराबर. रजिस्टर उघडते अन् मिटते. काय हाय त्या कागदात?"

नवव्या दिवशी भाऊ स्वतः आले, इस्त्रीचे कपडे घालून. "मॅडम, रविवारी पिंपळगाव राजाले येता का? तुमीनं वाचून दाखोलं त बरं. इंग्रजी कागद हाय, माह्या तोंडून त्याइले खरा नाही वाटनार."

नांदुऱ्यापर्यंत ते रजिस्टर मांडीवर धरून बसले. गाडी बदलल्यावर खिडकीशी बसून त्यांनी आपणहून सुरुवात केली.

"वर डोंगरात एक वाडी होती. तिथली सुंदराबाई. नवरा नाही. तिनं दावा केला, बिबट्यानं बकरी नेली. म्या गेलो. धूड नाही, रगत नाही, ओढल्याची खून नाही. पाऊस होऊन गेल्ता. बाई म्हने, साहेब, तिच्या गयात लाल चिंधी होती. मी काय चिंधी लिवू? लिवलं, पुरावा आढळला नाही. खोटं नाही लिवलं. पन लोकाइनं वाचलं काय? बाई खोटी हाय. पानवठ्यावर तिले हासाले लागले."

"मग?"

"पुढच्या उन्हाळ्यात एका कपारीत हाडं सापडली. लाल चिंधी होती." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मी गेलो सांगाले. वाडी कामाले उठून गेल्ती. दुसऱ्या वर्सी गेलो, तवाबी बाई नाही. मंग बदली झाली. पुरावा नाही अन् खोटं, याच्यात फरक हाय, मॅडम. तो म्या तवाच त्या पानवठ्यावर उभं राहून सांगाले पायजे होता. कागदात लिवला अन् निंगून आलो."

त्यांची समजूत घालावीशी वाटली. पण घातली असती तर त्यांनी तिचाही पुरावा मागितला असता.

ढगे वाट पाहत होते. घर छोटं, स्वच्छ. भिंतीला लागून ती पत्र्याची पेटी होती, वर जुनी चादर. सून आत स्वयंपाकघरात, मुलगा शेतावर. आम्ही बसल्याबरोबर भाऊंनी मला खूण केली. मी पत्र सावकाश, मराठीत, एकेक वाक्य वाचलं. ढगे मान खाली घालून ऐकत होते. मी थांबले.

"म्हंजे साहेब खोटं बोलले?" त्यांनी विचारलं. आवाज चढला होता. "इतली वर्सं मी त्या पोरीले खोटं सांगून राह्यलो?"

भाऊ उठून उभे राहिले. पंचनाम्याच्या वेळी गावासमोर उभे राहत असतील तसे.

"नाही. ढगेभाऊ, मी साऱ्या जगाचे दावे तपासले. लय लबाड लोक पाह्यले. तुमचे साहेब लबाड नाहीत. त्याइनं मारलं, इमानाले लागलं, धूर निंगाला, ते खाली गेलं. इतलं समदं खरं हाय. त्याच्या पुढं त्याइले दिसलं नाही. जे दिसलं तेच त्याइनं सांगतलं. मी तसंच लिवलं हाय." आणि त्यांनी रजिस्टर उघडून शेरा वाचला: "दावेदाराने पाहिले ते खरे. विमान लागले. पडले नाही."

ढगे पेटीकडे बघत होते. त्यांनी चादर सरकवली. झाकणावर खिळ्याने कोरलेलं बोटभर विमान होतं, गंजात अर्धं बुडालेलं.

"हे घासून काढू का आता?"

"काऊन? लागलं त होतंच."

"अन् तो? तिकडचा पायलट?"

"म्हातारा होऊन मेला," भाऊ म्हणाले. "त्याच्या घरच्याइनंच फोटू देल्ला."

ढग्यांनी बराच वेळ मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळत नव्हतं. मग त्यांनी मोबाइल काढला आणि स्पीकर चालू करून नागपूरला फोन लावला. पलीकडून "हं काका, बोला, तब्येत कशी आहे?" असा आवाज आला. ढग्यांनी फोन भाऊंच्या हातात दिला.

भाऊंनी फोन तोंडासमोर आडवा धरला. "बाई, मी अवचार, रिटायर वनपाल. तुमच्या वडलाचं प्रकरन पाह्यलं." आणि त्यांनी सगळं सांगितलं, रकान्याप्रमाणे. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. पण पानवठ्यावरचा फरक मात्र त्यांनी दोनदा सांगितला.

त्या बाई म्हणाल्या, "म्हणजे ते विमान नाहीच."

"नाही, बाई."

"माझ्याकडे बाबांचं तेवढंच होतं."

भाऊंनी ढग्यांकडे पाहिलं. ढग्यांनी फोन परत घेतला आणि ते म्हणाले, "तसं नाही, बाई. ते इमान होतं म्हनून मी दुसरं काही सांगतलंच नाही. तुह्या बापाचं आनखी लय काही हाय."

"काय आहे?"

"त्या दिवशी उतरल्यावर त्याइचे हात थरथर करून राह्यले होते. पट्टे सुटत नव्हते. मीच सोडोले. मले म्हने, ढगे, कोनाले सांगू नोको." ते थांबले. "अन् पालीले भेत. तंबूत पाल दिसली का बाहेर. आभायात बंदुका घेऊन फिरनारा मानूस, पाल हाकलाले मले बोलावे."

साठ वर्षांच्या त्या बाई मोठ्याने हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज फाटला. "मीही भिते, काका. अजून. आई नेहमी म्हणायची, हे कुणाचं उचललं कोण जाणे. अजून सांगा ना."

ढगे सांगत बसले. साहेबांना गाता येत नव्हतं तरी गात. ढग्यांच्या आईने पाठवलेला ठेचा खाऊन त्यांचे डोळे वाहिले आणि तरी त्यांनी पुन्हा मागितला. अर्धा तास झाला असेल. भाऊ रजिस्टर मांडीवर घेऊन ऐकत होते आणि एकदाही त्यांनी विचारलं नाही की हे प्रत्यक्ष पाहणारा कोण.

फोन ठेवल्यावर सूनबाई चहा घेऊन आल्या. मी कप घेतला. भाऊंनी घेतला नाही. हात अर्धा पुढे आला आणि तिथेच थांबला.

"घ्या ना, साहेब," ढगे म्हणाले.

"सवय नाही," भाऊ म्हणाले. मग जरा ओशाळून माझ्याकडे वळले. "दावेदाराच्या घरी मी पानी घेत नसो. एकाच्या घरी चहा पेला का दुसरा म्हने, साहेब त्याइच्याकडून झाले. सारी नोकरी ह्या मुलखात फिरलो. घराघरात गेलो. बसलो कोनाच्याच घरी नाही."

"मंग आता तुमचं काम झालं का नाही?" ढग्यांनी विचारलं.

भाऊंनी रजिस्टरात पाहिलं. शेरा लिहिलेला होता, सही झालेली होती. त्यांनी ते मिटलं आणि खुर्चीखाली ठेवलं.

"झालं."

"मंग बसा बरं पाय वर घेऊन."

भाऊंनी खरोखरच चपला काढून पाय वर घेतले. चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायले. ढगे त्यांना पालीचा एक प्रसंग पुन्हा सांगत होते, या वेळी थोडा वाढवून. मी घड्याळात पाहिलं. साडेचारची नांदुऱ्याची गाडी चौकात उभी असणार. भाऊंना तसं म्हटलं तर त्यांनी ऐकलंच नाही. रिकामी बशी सूनबाईंकडे करत ते म्हणाले, "अजून अर्धा असन त पाहा, बाई."